जबलवरची चूल

मी गाव सोडलं त्या सकाळी माझी बायको सुगंधा मला एसटीपर्यंत सोडायला आली नाही. ती चुलीपुढे बसून खोकत होती. वाटेत खायला भाकऱ्या करून देते म्हणाली आणि नेमकी लाकडं ओली निघाली. घरभर धूर. मी उंबऱ्यात बॅग घेऊन उभा. तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "निघा आता. गाडी चुकेल." रडत होती की धुराने डोळे चुरचुरत होते ते मला तेव्हा कळलं नाही, नंतर विचारायचं राहिलं.

आई म्हणाली, "मागे वळून बघू नको रे, पाय जड होतो." मी बघितलंच. घाटीच्या वळणावरून आमचं घर दिसतं. आमच्याकडच्या जुन्या घरांना धुराडं नसायचं, धूर कौलांच्या फटीतून जमेल तसा बाहेर पडायचा. त्या दिवशी सगळ्या छपरातून निघत होता. मस्कतला आलेला प्रत्येक माणूस घरून काहीतरी आणतो, कोण फोटो, कोण अंगारा. मी तो धूर डोक्यात घेऊन आलो.

मी सातवी नापास. लिहायची सवय नाही. पण गावातली पोरं फोन करतात, "तात्या, घरी कधी येताय? घर बंद पडून आहे." आणि इकडे मस्कतजवळ अल अमेरातला मुलाकडे बसलो की आपली माणसं विचारतात, "तात्या, आता इकडेच का?" दोघांना एकदाच उत्तर देतो. म्हणून लिहायला बसलो.

माझं काम पत्र्याचं. आधी खेडला एका दुकानात बंब आणि डबे करायचो, मग मुंबईत एसीच्या डक्टचं काम शिकलो. डक्ट म्हणजे एसीची हवा न्यायचा पत्र्याचा बोगदा. एजंटने मस्कतला पाठवला तो डक्टमन म्हणून. मस्कतच्या हमरियात कंपनीची खोली, वर-खाली खाटा, एका खोलीत केरळ, बंगाल आणि चिपळूण. तिथे मी तरुणपण काढलं. मोठमोठ्या इमारतींना गार हवा पोचवली आणि स्वतः पंख्याखाली झोपलो. तक्रार नाही, सगळ्यांचंच तसं होतं. रजा मिळाली की गावी जायचो. घरात पाहुणा आल्यासारखी माझी सरबराई व्हायची. सुगंधा मला जेवताना वाढत राहायची, स्वतः जेवायला बसायची नाही. मी म्हणायचो, "अगं बस की." ती म्हणायची, "तुम्ही गेल्यावर जेवायचंच आहे."

दुसऱ्यांदा रजेवर गेलो तेव्हा तिला दमा लागलेला. चिपळूणच्या डॉक्टरने सांगितलं, धुरात बसायचं नाही. मी गॅस घेऊन दिला. तिने त्याच्यावर चहा केला आणि बाकी सगळं चुलीवर. भाकरी गॅसवर फुगत नाही म्हणे.

नंतर हात थरथरायला लागला, कातरीवर भरवसा राहिला नाही, तेव्हा अर्बाबने, म्हणजे आमच्या मालकाने, मला जबलवर पाठवला. जबल म्हणजे डोंगर, हा जबल अखदर. मस्कतहून निझव्याच्या बाजूने वर चढतं. तिथे त्याचा बंगला होता. उन्हाळ्यात तो पोराबाळांना घेऊन वर यायचा, बाकीचे महिने बंगला सांभाळायला मी एकटा. आजूबाजूला डाळिंबाच्या बागा, गाढवं आणि वारा. गल्फ म्हटलं की आपल्या लोकांना वाळू आणि ऊन दिसतं. जबलवर हिवाळ्यात सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरायचा. माझ्याकडे मुंबईहून आणलेला एक अर्ध्या बाह्यांचा स्वेटर होता, तो हसण्यासारखाच. विजेचा हीटर लावला की जनरेटर बसायचा.

पण आयुष्यात पहिल्यांदा मला दार लावता येईल अशी जागा मिळाली होती. आई वारली होती, मुलगा दिनेश मुंबईला नोकरीला लागला होता. सुगंधा गावी एकटी. मी अर्बाबला म्हटलं, बायकोला हिवाळ्यापुरतं आणायचंय. तो हसला. म्हणाला, "इधर ठंडी में मर जाएगी तुम्हारा बीवी."

बंगल्याच्या हॉलमध्ये भिंतीत एक फायरप्लेस होती. अर्बाबने कुठल्या तरी मासिकातला फोटो बघून बांधून घेतलेली. दिसायला राजवाडा. पेटवली की धूर वर जायच्या ऐवजी हॉलमध्ये. धुराडं इतकं रुंद की त्यातून बकरा खाली उतरला असता. एकदा पेटवून सगळ्यांचे डोळे सुजल्यावर त्याने तिच्यात प्लास्टिकची फुलं ठेवली होती.

आणि खाली मस्कतला, कंपनीच्या वादी कबीरच्या गोडाऊनमध्ये एक लोखंडी पेटी पडून होती. कुणी इंग्रज इंजिनियर देश सोडून जाताना सामान विकून गेला, त्यातली. वापरलेली. पुढे काचेचं दार, मागे-वर गोल तोंड. भिंतीतल्या चुलीच्या पोकळीत ती अख्खी सरकवायची आणि तोंडाला नळी जोडून ती धुराड्यातून छपरापर्यंत न्यायची. मग धूर त्या रुंद धुराड्यात भटकत नाही, नळीतून सरळ निघून जातो. मी अर्बाबला म्हटलं, "ही बसवू का?"

तो म्हणाला, "बसवून दाखव. धूर नाही झाला तर हिवाळाभर हॉल तुझा, व्हिसा मी करतो. झाला तर फुलं परत ठेव."

मी सुगंधाला फोन लावला. ती म्हणाली, "धूर नसेल तरच येते. दम्याने परदेशात मरायला मला बोलावू नका."

"नसेल," मी म्हटलं.

बघा, बाकी काही नव्हतं. नळी नीट बसली तर ती येणार, नाहीतर नाही.

मी कामाला लागलो. पेटीचा गंज घासून काढला. दाराच्या कडेची धूर अडवायची दोरी कुजली होती, हमरियातल्या एका दुकानात बेकरीच्या भट्टीची दोरी मिळाली, ती बसवली. नळीसाठी स्टीलच्या पत्र्याचे तुकडे वर्कशॉपमधून जमवले. एसीच्या डक्टचा जस्ताचा पत्रा फुकट पडलेला होता, पण तो तापला की जस्त उडतं आणि छातीत जातं. तेवढी अक्कल होती. स्टील वाकवून नळीचे तुकडे केले. प्रत्येकाचं एक टोक चिमटून बारीक केलं, म्हणजे ते पुढच्या तुकड्यात शिरतं. पत्र्याच्या धंद्यात बारीक टोकाला नर म्हणतात, दुसऱ्याला मादी. रिव्हेट मारून सगळे जोडले.

पेटीच्या तोंडाशी गाडी अडली. ते तोंड रुंद होतं, नळी आत शिरावी असं. मी म्हटलं, इंग्रजाने उलटं केलंय. आयुष्यभर मी एकच गोष्ट शिकलो होतो, हवा ज्या दिशेला जाते त्या दिशेला नर. नाहीतर सांध्यातून हवा सुटते, फोरमन शिव्या घालतो. इथे धूर वर जाणार, म्हणजे नर वर. मग मी इंग्रजाची चूक सुधारायला एक जोडतुकडा बनवला, पेटीच्या तोंडावर बाहेरून बसणारा. फार सुबक झाला होता. त्याचा मला गर्व होता.

बागेतला म्हातारा ओमानी शेजारी आणि मी, दोघांनी दोरीने ती अख्खी नळी छपरावरून आत सोडली. वर टोपी बसवली, नळी आणि धुराड्याच्या मधल्या जागेत रॉकवूल, म्हणजे न जळणारी लोकर, कोंबलं. सुकलेल्या काटक्या पेटवल्या. काचेमागे जाळ, हॉलमध्ये वास सुद्धा नाही. शेजारी म्हणाला, "माशाल्ला." मी फुलं उचलून टाकली आणि अर्बाबला फोन केला. व्हिसा झाला.

सुगंधा विमानतळावर आली ती अंगावर दोन लुगडी नेसून, वर शाल. विमानात गरम झालं असेल. मला बघून म्हणाली, "किती वाळलात वो." मस्कतमध्ये तिला मत्रहला समुद्रावर नेलं, तर म्हणाली, "समुद्र काय, आपल्याकडे आहे. तुमचं घर दाखवा." वळणावळणाचा घाट चढून वर आलो. तिने सगळं हिंडून बघितलं. चुलीचं काचेचं दार उघडून लावून बघितलं. मग म्हणाली, "कपाटात जाळ ठेवलाय. बरं आहे."

चार दिवस बरे गेले. मग वाऱ्याचा जोर वाढला, मी चूल दिवसभर चालू ठेवायला लागलो. सुकं लाकूड संपलं, डाळिंबाच्या छाटलेल्या ओल्या फांद्या घातल्या. एका सकाळी उठलो तर पेटीच्या वरून काळे ओघळ आलेले. डांबरासारखे. जमिनीवर थेंब, भिंतीवर थेंब, आणि वास असा की डोकं फुटेल. सुगंधा उठून बसली होती, श्वास ओढत होती. शिट्टी वाजावी तसा आवाज छातीतून.

मी तिला बाहेर ओट्यावर नेऊन बसवली. आत धुराचा वास, बाहेर बर्फाचा वारा. गोधडीत गुंडाळून बसली होती, फक्त नाक बाहेर. दम परत आल्यावर पहिलं वाक्य म्हणाली, "धूर नसेल म्हणालात."

मी म्हटलं, "अर्बाबला सांगतो. परवा सामानाची पिकअप खाली जाते, त्यातून तुला पाठवतो. परतीचं तिकीट अलीकडचं करून घेता येईल."

ती म्हणाली, "मला त्या नळ्या दाखवा."

"तुला काय कळणार त्यातलं?"

"नाही कळलं तर पिकअप आहेच."

मी छपरावर गेलो, शेजाऱ्याला हाक मारली, नळी वर ओढून गच्चीवर आडवी ठेवली. प्रत्येक सांध्यातून बाहेर काळं गळलेलं. आत कमी, बाहेर जास्त. सुगंधा हळूहळू जिना चढून आली, उकिडवी बसली, एका सांध्यावर बोट फिरवलं, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"हे खाली कुठलं टोक?"

मी दाखवलं.

"म्हणजे वरचा तुकडा खालच्याच्या बाहेरून बसवलाय?"

"हो. धूर वर जातो ना. हवा जाते तिकडे नर."

"धूर वर जातो. हे काळं कुठे जातंय?"

मी सांध्याखालचा ओघळ बघितला.

"मामंजी पन्हळी लावताना काय ओरडायचे?" माझे वडील, तिचे सासरे, खोताच्या बागेत पाणी न्यायला पोफळीच्या चिरलेल्या खोडाच्या पन्हळी लावायचे. एक पन्हळ दुसरीत, दुसरी तिसरीत. आम्ही पोरं मदतीला. ते वर दरडीवरून ओरडायचे, "वरची खालचीत! वरची खालचीत!" वरची पन्हळ खालचीच्या आत टेकली तर पाणी पुढे जातं, बाहेरून आली तर सगळं वाटेत गळतं. सुगंधा लग्न होऊन आली त्या पहिल्या उन्हाळ्यात तीसुद्धा तिथे उभी होती, डोक्यावर पदर घेऊन. तिने ऐकलं होतं. मी तर त्या ओरडण्यात वाढलो होतो. पण मस्कतने माझं डोकं एसीच्या हवेने भरलं होतं. धुराला वर जाताना गारवा लागतो, त्याचं डांबर होतं, आणि ते पाण्यासारखं खालीच येतं हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

आणि इंग्रजाने तोंड रुंद का ठेवलं होतं तेही तेव्हा कळलं. वरची खालचीत. त्याचाही बाप कुठेतरी दरडीवरून ओरडला असेल.

मी हसायला लागलो. सुगंधा म्हणाली, "हसताय काय. उलटी करा."

नळी उलटी करायची म्हणजे फार काम नव्हतं. टोपीकडचं टोक खाली, खालचं वर. दोन टोकं तेवढी बदलली, माझा तो सुबक जोडतुकडा काढून फेकला. नळी पेटीच्या तोंडात अशी बसली की जशी तिथलीच होती. शेजाऱ्याने वरून दोरी धरली, मी मधे, सुगंधा खाली बसून नळीला वाट दाखवत होती. तोंडाला फडकं बांधून.

पेटी आणि भिंत यांच्यात बोटभर फट होती. माझ्याकडे ट्यूबमधला मसाला होता. ती म्हणाली, त्याला वास येतो. तिने बागेतली माती आणली, राख चाळून घातली, गवत बारीक करून घातलं. शेण हवं होतं. मी म्हटलं, "गाढवाची लीद आहे हवी तेवढी."

"माझ्या चुलीला गाढवाची लीद? तुम्हीच घ्या ती, डोक्याला लावा."

शेणाशिवाय लिंपली. चार बोटांनी, गावी भिंत लिंपायची तशी, एकाशेजारी एक अर्धगोल काढत. राजवाड्यातल्या चुलीला आमच्या पडवीसारखी कड झाली.

चूल परत पेटवली. ओल्या फांद्या बाद केल्या, निझव्याच्या बाजारातून बाभळीचं सुकं लाकूड मागवलं. काही गळलं नाही. पिकअप रिकामी खाली गेली.

सुगंधाला अजून एक गोष्ट हवी होती. नव्या घरात, नव्या चुलीवर दूध उतू घालायचं, मगच ते घर. तिने हळदीकुंकू लावलं, पेटीच्या पुढे आलेल्या लोखंडी पाटीवर डब्यातल्या घट्ट दुधात पाणी घालून टोप ठेवला. आम्ही दोघं समोर बसलो. दूध तापलं, साय धरली. साय काढली, परत धरली. पाटीला आच मंद, जाळ सगळा आत. दुपार झाली. दूध आटलं पण उतू जाईना. मी म्हटलं, "इथलं दूध पण कंपनीचं आहे. वरून ऑर्डर आल्याशिवाय हलणार नाही."

तीही हसली. म्हणाली, "राहू दे. पुढच्या हिवाळ्यात आले की खरं दूध बघू. तोवर हे तुमच्या मालकाचं घर." आणि त्या आटलेल्या दुधात साखर घालून मला दिलं. स्वतः माझ्या शेजारी बसून खाल्लं.

तो हिवाळा असाच गेला. सांगण्यासारखं काही घडलं नाही. ती डाळिंबाच्या सालींनी माझा चहा बिघडवायची, मी लाकडं फोडायचो. एकमेकांना सांगायचं सगळं संपून गेलं, मग नुसते बसायचो. ते बसणं आमच्या लग्नात त्याआधी कधी झालंच नव्हतं. व्हिसा संपला, ती गेली. जाताना म्हणाली, "लाकडं आत्ताच फोडून ठेवा. माझी लाकडं जाळायची नाहीत."

मी उन्हाळाभर फोडली. जिन्याखाली रचून ठेवली, छताला लागेल इतकी. पुढचा व्हिसा सांगून ठेवला. गणपती गेले आणि त्या आठवड्यात ती गेली. श्वासच. शेजारणीने हाक मारली तर उत्तर आलं नाही. मी पोचलो तोवर खलास झालं होतं. चुलीत राख होती, ती कोणीतरी काढून टाकली होती. तीही मला बघायला मिळाली नाही.

तेराव्यानंतर जबलवर परत आलो. तो हिवाळा मी चूल पेटवली नाही. तिची लाकडं होती. दोन स्वेटर आणि एक कांबळं. अर्बाबने विचारलं, "चूल बिघडली का?" मी म्हटलं, "नाही, चांगली आहे."

मग गुडघे गेले. दिनेश तोवर मस्कतलाच नोकरीला आला होता, अल अमेरातला घर घेऊन राहिला. त्याने मला खाली आणलं. इकडे गॅलरीत बसतो. समोर डोंगर, उघडा, चटके देणारा. नातवंडं आपसात इंग्रजीत भांडतात आणि माझ्याशी बोलायला आली की एक एक शब्द उचलून ठेवतात, काच असल्यासारखा. सून चांगली आहे. जेवण वेळेवर. मला कोणी काही बोलत नाही. तेच जरा जास्त होतं.

गेल्या हिवाळ्यात दिनेश म्हणाला, "बाबा, तो बंगला पाडतायत. हॉटेल होणार आहे. तुमची ती चूल भंगारात जाईल. आणायची का? बाल्कनीत ठेवू."

आम्ही गेलो. आता वर शफीक म्हणून एक पोरगा सांभाळायला होता. त्याने हॉल उघडला. चुलीत परत प्लास्टिकची फुलं. शफीक म्हणाला, "चाचा, ले जाओ. पहार लाता हूँ, दो मिनट का काम है."

पेटी बाहेर काढायची म्हणजे कडेची माती फोडावी लागणार. मी खाली बसलो. गुडघे नकोच म्हणत होते. मातीवर तिची चार बोटं तशीच. एका जागी अंगठा टेकला होता, तिथे तिला खोकला आला होता.

म्हटलं, "रहने दो."

"बाबा, मग कशाला आलो आपण?" दिनेश म्हणाला.

मी जिन्याखाली बघितलं. लाकडं होती. आता वर लाइनची वीज आलेली, शफीककडे नवा हीटर, त्याला त्यांची गरज पडली नव्हती. इतकी वर्षं सुकून हाडासारखी झालेली, एकमेकांवर आपटली की टणटण वाजत. मी फुलं काढली, चूल भरली आणि दार लावलं. ती लाकडं पेटली तशी मी ती चूल कधी पेटलेली बघितली नव्हती. काच पांढरी झाली. लोखंडी पाटी तापून वर हवा हलायला लागली.

"दूध है?" मी शफीकला विचारलं. त्याने शेजारच्या म्हाताऱ्याकडून बकरीचं दूध आणलेलं होतं, चहासाठी. मी छोटा टोप घेतला, काठोकाठ भरला.

दिनेश मोबाइलवर बोलत बाहेर गेला. शफीक चहाचे कप घेऊन उभा. साय धरली, मध्ये फुगली, टोपाच्या काठाशी आली, थांबल्यासारखी झाली आणि मग एकदम चारी बाजूंनी खाली आली. चर्र आवाज झाला. शफीक धावला. "चाचा, दूध गिर रहा है, चाचा!"

"गिरने दो," मी म्हटलं.

तो बघत राहिला. दूध पाटीवरून ओघळून तिने लिंपलेल्या मातीवर गेलं आणि मातीने ते पिऊन टाकलं.

निघताना गाडी पहिल्या वळणावर आली तेव्हा दिनेशला थांबवायला सांगितलं. उतरलो, मागे वळून बघितलं. धुराड्याच्या टोपीतून सरळ धूर जात होता.

तर गावच्या मंडळींनो, आणि इकडच्यांनो, घरी कधी जाणार म्हणून विचारता. मी जाऊन आलो. आता तिथे हॉटेलचं काम चालू झालं असेल.